तान्हूबाईची उलटी गाठ

तान्हूबाई उजव्या हातानं जेवायची, उजव्या हातानं कोयता चालवायची आणि भांडताना उजव्याच हाताचं बोट माझ्या नाकासमोर नाचवायची. फक्त गाठ मारताना तिचे हात उलटे फिरायचे. त्या उलट्या गाठीनं माझा धंदा उभा केला आणि त्याच गाठीनं मला लोणावळ्याच्या भर बाजारात खोटारडा ठरवलं. ती आता नाही. ती नाही म्हणून मी तिच्याबद्दल गोड गोड लिहीन अशी कुणाची समजूत असेल, तर त्यानं वाचायचं इथंच थांबवावं. माझा राग अजून गेलेला नाही. पण मी आयुष्यभर माल पारखला आहे. चांगल्या मालाला वाईट मी फक्त भाव पाडताना म्हणतो. लिहिताना म्हणणार नाही.

ज्यांनी मावळातली भातलावणी पाहिली नाही त्यांना इरलं म्हणजे काय ते सांगायला हवं. बांबूच्या कामट्यांची दोन जाळी, त्यांच्यामध्ये पळसाची आणि कुंभ्याची पानं दाबून बसवलेली, आणि सगळं घायपाताच्या वाखाच्या दोरीनं गाठी मारून आवळलेलं. डोक्यावर घेतलं की पाठीवरून खाली गुडघ्यांपर्यंत येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. लावणीच्या दिवसांत बाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चिखलात वाकलेली असते आणि वरून पाऊस दगडासारखा पडत असतो. तेवढे दिवस तिचं घर म्हणजे तिच्या पाठीवरचं ते इरलं.

कार्ल्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली रीत अशी की पानं बाईनं आणायची आणि इरलं पुरुषानं बांधायचं. लावणीच्या पहिल्या दिवशी सगळी इरली बांधावर ओळीनं मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि मगच डोक्यावर घेऊन खाचरात उतरायचं. कुणाचं इरलं कुणाच्या हातचं हे प्रत्येक बाईला ठाऊक असे. विधवेनं बांधलेलं छप्पर सवाशिणीनं डोक्यावर घ्यायचं नाही, हे तर कुणी कुणाला शिकवतही नसे.

तान्हूबाईचा नवरा कोंडिबा डावरा होता. त्याच्यासारखं इरलं त्या पट्ट्यात कुणी बांधत नसे. त्याची गाठ उलटी पडायची, आणि बायका डोळे मिटून बोटानं चाचपून सांगायच्या, ‘ह्ये कोंडिबाचं.’ मी तेव्हा माझ्या गावाहून, परंदवडीहून, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो होतो. दुकान नाही, गाडी नाही. डोक्यावर माल घ्यायचा आणि बाजार गाठायचा. कोंडिबाची इरली मी उचलायचो आणि लोणावळ्यात विकायचो. मी त्याला दादा म्हणायचो, तिला वैनी, आणि ती मला भावजी.

पहिलं महायुद्ध संपता संपता मानमोडीचा ताप आला. आठ दिवसांत त्या घरातून तीन मयती निघाल्या. आधी धाकटी मुलगी, मग थोरली, मग कोंडिबा. चौथी तिचीच निघायची, पण ती उठून बसली. वाडीला ते आवडलं नाही. घरातली सगळी जातात आणि एकटी बाई वाचते, तेव्हा लोक ताप सोडून तिच्याकडे बघायला लागतात.

महिन्याभरानं मी गेलो. सांत्वनाला गेलो असं म्हणता येईल, पण खरं तर कोंडिबानं कबूल केलेली इरली न्यायला गेलो होतो. ती अंगणात बसली होती. कोंडिबाचं शेवटचं इरलं मांडीवर होतं आणि ती त्याच्या गाठी सोडत होती.

“वैनी, ह्ये काय चाललंय?”

“सोडतीय.”

“आवो, चांगलं इरलं हाय त्ये. गिऱ्हाईक उभं हाय माजं.”

“चांगलं हाय म्हनूनच सोडतीय.”

एक गाठ सोडायची, तिच्याकडे बघत राहायचं आणि परत बांधायची. चुकली की परत सोडायची. पूर्ण उन्हाळा तिनं असा काढला. सोडून बांधून त्या एका इरल्याची पानं चुरा झाली, कामट्या मोडल्या. तिनं डोंगरातून नवे बांबू आणले आणि नव्या कामट्यांवर तीच गाठ. समोर बसून शिकवणारा कुणी नव्हता. मेलेल्या माणसाच्या दोरीत त्याचा हात कसा फिरला असेल ते ती उलगडून बघत होती. म्हणून तिची गाठ डावरी पडली. वाडीत बोलणं सुरू झालं की बाईचं डोकं गेलं. दहाव्याला रडली नाही आणि आता पुरुषाचं काम घेऊन बसली.

भजनी मंडळींतले दोघं तिला समजवायला आले तेव्हा मी तिथंच होतो. एकानं तुळशीची माळ आणली होती.

“तान्हे, माळ घाल. आमच्यात येऊन बसत जा. मन लागंल.”

“टाळ वाजला की माज्या डोसक्यात पोरी रडाया लागत्यात, बाबा. गाठ बसली की गप ऱ्हात्यात.”

“मंग गाठीगाठीला देवाचं नाव तरी घे.”

“तोंडात वाख आसतो. नाव कुटनं घिऊ?”

ते उठून गेले. माळ ओट्यावर विसरली की मुद्दाम ठेवली, माहीत नाही. तिनं ती खुंटीला अडकवली आणि पुढं बरीच वर्षं तिच्यावर कोयता टांगत होती.

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण तिची एक गोष्ट पाहताना माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. इरलं पुरं झालं की ती भर दुपारी अंगणात मध्यावर बसायची आणि ते अंगावर घ्यायची, पार जमिनीला टेकेल असं. आत ती आणि अंधार. कुठं सुईएवढं जरी भोक राहिलं असेल तर तिथून ऊन आत यायचं. ती आत बसून तो उजेड शोधायची. पहिल्या वेळी मला वाटलं बाई झोपली. मी हाक मारली तर आतून आवाज आला, “थांबा. अजून उजेड दिसतुया.” मग बोट बाहेर यायचं, पान सरकायचं, वाख ओढला जायचा. काम झाल्यावरही ती लगेच बाहेर येत नसे. बराच वेळ आत बसून राहायची. मी उन्हात तिष्ठत असे आणि मनात शिव्या देत असे. बाहेर आली की चेहरा असा असायचा, की भाव करायला आलेल्या माणसाला भाव करायची लाज वाटावी. मला वाटायची नाही, पण दुसऱ्या कुणाला वाटली असती.

भाव करायची माझी एक युक्ती होती. गाठी मारताना ती वाखाचं टोक दातांत धरायची आणि पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत सोडायची नाही. म्हणून मी नेमका तेव्हाच बोलायला लागायचो. “पानं जाड झालीत, वैनी. बाजार पडलाय. गेल्या सालापरीस जड वाटतंय.” तिला उत्तर देता यायचं नाही. पहिल्या वर्षी मी असाच जिंकलो. दुसऱ्या वर्षी तिनं नुसतं माझ्याकडे बघत गाठी मारणं चालू ठेवलं. मी बोलत गेलो, बोलत गेलो, ती गप्प. समोरचा गप्प राहिला की माझं डोकं तापतं आणि तोंड वाहवतं. शेवटी चिडून मीच म्हणालो, “बरं, गेल्या सालाएवढा देतो! बरं, वर आनिक देतो, पन बोला की!” तिनं शेवटची गाठ मारली, वाख तोंडातून काढला आणि म्हणाली, “काय म्हनलासा भावजी? माजं ध्यान न्हवतं.”

इरलं उत्तम होतं. पण विकायचं कसं? वाडीतलं कुणी घेईना. बाजारात नेलं तर पहिला प्रश्न, कुणाच्या हातचं? तिचं नाव सांगितलं की गिऱ्हाईक हात मागं घ्यायचं. मग मी तोड काढली. कोंडिबा मरायच्या आधी माळ्यावर इरल्यांची चळत रचून गेला, ती आता मी थोडी थोडी विकतोय, असं सांगायचं. गाठ त्याचीच, मग शंका कोण घेणार?

तिला सांगितलं तर ती दोन दिवस नुसते बांबू तासत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मला येकच पायजे, भावजी. येका तरी बाईनं ‘तान्हूनं बांधलंय’ म्हनून त्ये डोसक्यावर घ्यावं. येकीनं. बाकीची तुमी कुनाच्या बी नावानं इका.”

“त्ये होईल हळूहळू. आदी पोट बघा.”

“होईल ना?”

“होईल की.”

मी तसं म्हणालो खरा. सौदा जमवताना माणूस बरंच काही म्हणतो.

इरली धडाधड खपली. पहिल्या साली खपली, दुसऱ्या सालीही खपली. तिसऱ्या साली लोकांच्या लक्षात आलं की कोंडिबाच्या घराचा माळा केवढा आणि त्यावरून निघालेली इरली किती. कुणीतरी म्हणालं, कोंडिबा अवसेला येतो आणि बांधून जातो. ही आवई मी उठवली नाही. देवाशप्पथ नाही. मी फक्त ती खोडून काढली नाही, कारण त्यानंतर मालाला मागणी दुप्पट झाली. मेलेला माणूस पावसात भिजत नाही, त्यानं बांधलेलं काय गळणार, असं बायका बोलायला लागल्या. तान्हूबाईच्या उंबऱ्यावर सकाळी नारळ दिसायचे. पण दिवेलागणीनंतर तिच्या दारावरून कुणी जाईना, आणि पाणवठ्यावर ती आली की बाकीच्या घागरी उचलून बाजूला होत. भुताला नारळ मिळत होते आणि बांधणारी बाई एकटी पाणी भरत होती.

त्या वर्षी लावणीच्या पहिल्या दिवशी मी वाडीत होतो. पाटलांच्या खाचराच्या बांधावर इरली मांडली होती. सात त्यांतली तान्हूबाईच्या हातची. पाटलीणबाई ताट घेऊन आल्या. कोंडिबाची म्हणून त्या सातांना त्यांनी आधी हळदकुंकू लावलं, वर हात जोडले. तान्हूबाई थोड्या अंतरावर उभी होती आणि तिची नजर इरल्यांवर होती. एकाची कड सुटली होती म्हणून ती आवळायला पुढं झाली आणि बसायला लागली.

“अगं ए! लांब सर, लांब!” पाटलीणबाई ओरडल्या. “सावली पडती का न्हाई तुजी त्यावर? सवाशिनी उतरायच्यात आत्ता. कळत न्हाई का तुला, का कोंडिबासंगं अक्कल बी गेली?”

बायका हसल्या. तान्हूबाई उठली आणि मागं सरली. मागं सरताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाटलांशी पुढच्या मालाचं बोलत होतो, बोलत राहिलो. ज्या बाईनं ते सुटक्या कडेचं इरलं घेतलं ती दुपारपर्यंत चिंब झाली आणि म्हणाली, कोंडिबा कोपला.

पुढच्या वर्षी लोणावळ्याच्या बाजारात मी पाल टाकून बसलो होतो. पवन मावळातला एक शेतकरी नव्या सुनेसाठी इरलं घ्यायला आला होता. गाठ चाचपून म्हणाला, “कोंडिबाचंच ना? शपथ घ्या.”

“आईची आन. माळ्यावरची शेवटची चार राहिलीत.”

तान्हूबाई त्याच वेळी पानांचा भारा घेऊन बाजारात आलेली. तिनं भारा खाली टाकला.

“भावजी, आन घिऊ नगा.”

मी डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली. तिनं त्या माणसाच्या हातातून इरलं घेतलं, तिथंच मातीत मांडी घातली आणि शेंड्याची गाठ सोडली. वाख दातांत धरला. हात उलटे फिरले आणि गाठ बसली. बघ्यांची ही गर्दी झाली. तिनं दुसरी सोडली, बांधली. तिसरी सोडली, बांधली. मग वाख तोंडातून काढला.

“कोंडिबाला मरून चार पावसाळं झालं. त्यो येत न्हाई का जात न्हाई. ह्ये म्या बांधलंय. ह्याच हातांनी दोन पोरी आन नवरा मातीत घातला, त्येच हात. आता घ्यायचं त्यानं घ्या.”

त्या शेतकऱ्यानं हात धोतराला पुसले. मग तिच्याकडे नाही, माझ्याकडे वळला. तिला कुणी काही बोललंच नाही. सगळ्या शिव्या मला. पुढच्या बाजारी लोक वापरलेली इरली घेऊन आले आणि माझ्या पालावर फेकून गेले. एकाचं वासरू मेलं होतं, एकाच्या सुनेचा गर्भ पडला होता, सगळं माझ्या माथी. एका म्हातारीनं माझ्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. जिथं माझा शब्द चालत होता तिथं सुतळीचा तोडाही कुणी माझ्याकडून घेईना.

मी वाडीत जाऊन तिच्या दारात उभा राहून ओरडलो. “म्या तुला जगवली! उपाशी मेली असतीस!”

ती बांबू तासत होती. कोयता न थांबवता म्हणाली, “व्हय. मला जगवलंत. आन कोंडिबाला बी जगवलंत. दोगांना पुरंल येवढी जागा माज्या घरात न्हवती, शेट.”

त्या दिवसापासून मी शेट झालो आणि ती माझ्यासाठी तान्हूबाई. वैनी संपली.

पुढची वर्षं मी लांबून ऐकत होतो. तिच्याकडून कुणी काही घेईना. उन्हाळ्यात स्टेशनावर करवंदं विकायची, पावसाळ्यानंतर गवत कापायची, आणि इरली बांधणं चालूच. विकायला नाही. बांधायची, उन्हात आत बसून उजेड शोधायची आणि भिंतीला टांगायची. इकडं मी लोणावळ्यात भाड्याची टपरी घेतली, मग दुकान केलं. मुंबईहून हवा खायला येणाऱ्यांना काठ्या आणि छत्र्या विकल्या. माझं बरं चाललं होतं. तरीही छत्री उघडून गिऱ्हाइकाला दाखवताना मी आधी ती दिव्याकडे धरून भोक बघायचो आणि स्वतःवरच चिडायचो.

तिच्या हातचं पहिलं इरलं घेतलं ते चिमीनं. चिमी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली, रोजानं लावणीला येणारी. एका आषाढात तिच्याकडे इरलंच नव्हतं. थंडीनं दातखीळ बसायची वेळ आली तेव्हा ती तान्हूबाईच्या घरात शिरली आणि भिंतीवरचं एक ओढून काढलं.

तान्हूबाई म्हणाली, “रांडमुंडीच्या हातचं हाय त्ये. ठावं हाय ना?”

“ठावं हाय,” चिमी म्हणाली. “मला इटाळ परवडत न्हाई.”

चिमी त्या दिवशी कोरडी राहिली. ओल्या बायकांच्या ओळीत एक कोरडी बाई, ती सगळ्यांना दिसली. दुसऱ्या वर्षी ठाकरवाडीतल्या तिघी आल्या. मग वाडीतली एक, सासूच्या चोरून. मग पाटलीणबाई वारल्या आणि त्यांची सूनच आली. हे सगळं मला चिमीनं सांगितलं. लाकडाची मोळी घेऊन ती दुकानाशी यायची. मी भाव पाडत असताना ती मुद्दाम तान्हूबाईचं कौतुक करायची, कारण त्यानं मी चिडून लवकर पैसे देऊन टाकतो हे तिला कळलं होतं.

शेवटचं मी तिला पाहिलं ते दुसरं युद्ध चालू असताना. कार्ल्याजवळ एका जागेचा सौदा होता म्हणून मळवली स्टेशनाला उतरून चाललो होतो. आषाढातला दिवस. वाऱ्यानं माझी छत्री उलटी केली, माझ्याच दुकानातली. खाचरात बायका लावणी करत होत्या. अकरा इरली ओळीनं वाकलेली. बायका भाकरीसाठी बांधावर आल्या. त्यात चिमी होती. आता केस पिकलेले. तिनं मला ओळखलं आणि आपलं इरलं माझ्या डोक्यावर ठेवलं.

मी दहा पावलंही गेलो नसेन. पाणी मानेवर, पाठीवर, सदऱ्याच्या आत. मी हात वर करून गाठ चाचपली. उलटी.

“ह्ये गळतंय!” मी ओरडलो. “चाळण हाय नुसती!”

“गप, भाऊ, गप!” चिमी धावत आली. “म्हातारीचं घर त्ये काय जवळ हाय. डोळं गेल्यात तिचं, कान हायेत अजून.”

मग पाटलांच्या सुनेनं सांगितलं. मोतीबिंदू झालाय. ती अजूनही दुपारी इरल्यात बसते, उजेड शोधते, आणि तिला कुठंच उजेड दिसत नाही. मग म्हणते, झालं, पक्कं झालं, न्या. तीन सालं झाली. या अकराही जणी आतून घोंगडीच्या खोळी घेतात. घरी सगळ्यांची दुसरी, चांगली इरली आहेत. पण लावणीला तिच्या दारावरून जाताना हीच घेतात, कारण ती दारात बसून ऐकते. आपल्या इरल्यावरचा पाऊस तिला आवाजावरून कळतो. ती मोजते.

“तिला काय बोलू नगा, भाऊ,” चिमी म्हणाली. “पाया पडते तुमच्या.”

मी तिचं इरलं तिच्या हातात परत दिलं, शब्द दिला नाही, आणि म्हातारीच्या घराकडे वळलो.

तान्हूबाई पडवीत बसली होती. नुकतंच बांधलेलं इरलं अंगावर घेऊन आत होती. आतून आवाज आला, “कुटंच उजेड न्हाई. झालं.” ती बाहेर आली, पार वाळलेली, आणि मला त्याच इरल्यात, शेंड्याजवळ, दोन बोटं जातील एवढं भोक दिसलं.

“कोन हाय?”

“मी. लोणावळ्याचा.”

“शेट व्हय! आवाज जाड झालाय. लोकाला फसवून खाल्लेलं अंगी लागलं म्हना.” ती हसली. दात नव्हते. “मोजलीसा का वाटंनं येताना? अकरा. अकरा बाया घेत्यात. तान्हूच्या हातचं म्हनून घेत्यात, भुताच्या न्हाई. तुमाला जलमात जमलं न्हाई त्ये माज्या हातानं केलं.”

तेवढंच ती बोलली नसती तर मी गप्प बसून परत गेलो असतो, असं मी कैक वेळा स्वतःला सांगितलं आहे. गेलो असतो की नाही, माहीत नाही.

“तान्हूबाई, तुमचं इरलं गळतंय.”

“खोटं.”

“मी खोटा हे तुमीच बाजारात सांगितलंत. आज खरं सांगतोय. तीन सालं गळतंय. त्या बाया खालनं घोंगडी घेत्यात. तुमच्यासाठी भिजत्यात.”

“खोटारड्या!”

मी तिचा हात धरला, तिचं बोट त्या भोकाशी नेलं आणि आरपार घातलं. दारात चिमी उभी होती, ती ओरडली, “भाऊ!”

बोट तसंच राहिलं.

“चिमे,” ती म्हणाली. “किती सालं?”

चिमी दाराला टेकली.

“चिमे, किती?”

“तीन.”

बाजारात तिनं मला खरं बोलून मारलं होतं. मी तेच केलं, त्याहून काही वेगळं केलं नाही. आजही मी हेच म्हणतो. पण तेव्हा मला वाटलं होतं की ती रडेल किंवा शिव्या देईल, आणि मग आमचं फिटेल. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती इरलं डोक्यावर घेऊन चाचपडत पडवी उतरली आणि अंगणात मध्यावर जाऊन बसली, तिच्या नेहमीच्या जागी, इरलं पार जमिनीला टेकवून. तिथं कधी ऊन असायचं, आज धो धो पाऊस होता.

मग शेंड्याजवळच्या भोकातून एक बोट बाहेर आलं. थेंब जिथं अंगावर पडत होता तिथं ते चाचपत वर आलं होतं. बोट आत गेलं. वाखाचं टोक बाहेर आलं, आत ओढलं गेलं, कामट्या कचकन आवळल्या. मग जरा खाली दुसरं बोट.

“चिमे, पानं आन,” आतून आवाज आला. तोंडात वाख असावा, शब्द नीट येत नव्हते.

चिमी पानं घेऊन पावसात गेली. मग बाकीच्या आल्या. एकेकीनं आपलं इरलं डोक्यावरून काढलं, तिच्या बाजूला चिखलात ठेवलं, आणि उघड्या डोक्यानं उभ्या राहिल्या. अकराच्या अकरा. त्यांच्यातल्या एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही.

“येतो मी,” मी म्हणालो.

“थांबा,” आतून आवाज आला. मी थांबलो. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. “अजून गळतंय.”

माझी छत्री उलटी झालेली होती. मळवली स्टेशन दीड मैल. तिथं बारा इरली होती, अकरा चिखलात आणि एक तिच्या अंगावर, आणि मी भिजत निघालो.